जुनी मोटार व जड इंजिन

बैलगाडी हांकणारा मनुष्य माल भरतांना केवळ पोतीं मोजून थांबत नाहीं. तीं कोठें ठेवावयाचीं हें तो आधीं ठरवितो. मागें फार माल झाला तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें व गळ्यांतील पट्टा बैलांना कांचतो. पुढें फार झाला तर सगळें ओझें खांद्यावर येऊन बैल दोन कोसांत थकतात. माल तोच, गाडी तीच, बैलहि तेच. पण ओझ्याची जागा हातभर सरकली कीं गाडीचा स्वभाव पालटतो. आज मला बोलावयाचें आहे तें मोटारीविषयीं. परंतु जुन्या मोटारींत जड इंजिन बसविलें असतां जीं संकटें उभीं राहतात त्यांचें मूळ ह्या उलाळ गाडींतच आहे.

वाशीम, कारंजा, रिसोड ह्या गांवीं, किंबहुना सगळ्या वऱ्हाडांत, एखाद्या वाड्याच्या पडवींत आजोबांची मोटार ताडपत्रीखालीं उभी असलेली दिसते. ती फियाट ११०० असेल, अॅम्बॅसडर असेल, अथवा उंच बॉनेटची जीप असेल. तिचें पेट्रोल इंजिन थकलेलें असतें आणि सुटे भाग सहजीं मिळत नाहींत. मग कोणी सुचवितो कीं एखादें डिझेल इंजिन आणूं आणि टाकून देऊं. घरांतील मंडळी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारतात, 'बसेल ना?' मिस्त्री 'बसेल' म्हणतो, आणि तो खोटें बोलत नाहीं. कटर व वेल्डिंग हाताशीं असल्यावर बॉनेटखालीं वाटेल तें बसवितां येतें. विचारावयाचा प्रश्न मात्र निराळाच आहे: जो सांगाडा, ज्या स्प्रिंगा व जे ब्रेक एका विशिष्ट ओझ्यासाठीं घडविले होते, ते हें नवें ओझें वाहतील काय?

ही इंजिन बदलण्याची हौस आपल्या देशांत कोठून आली, तें थोडक्यांत सांगतों. १९७३ सालीं तेलाचे भाव जगभर भडकले. आपल्याकडे पेट्रोल महाग व डिझेल स्वस्त अशी स्थिति पुढें कित्येक वर्षें राहिली. भाड्यानें गाडी चालविणाऱ्याला हा फरक म्हणजे पोटाचा प्रश्न होता. त्यामुळें देशांत ठिकठिकाणीं अॅम्बॅसडरमध्यें मॅटॅडोरचें इंजिन, जीपमध्यें ट्रॅक्टरच्या वंशांतील इंजिन, असे संकर होऊं लागले. कारखान्यांनींहि तोच मार्ग धरला. महिंद्रांच्या जीपमध्यें मूळ २१९९ घन सेंटिमीटरचें हरिकेन पेट्रोल इंजिन असे. पुढें तिला इंटरनॅशनल जातीचें डिझेल इंजिन मिळालें आणि नंतर प्यूजो कंपनीच्या रचनेचें २११२ घन सेंटिमीटरचें. १९७९ च्या सुमारास अॅम्बॅसडरला १४८९ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन बसून ती आपल्या देशांतील पहिली डिझेल मोटार ठरली.

आणि त्या जीपचें बॉनेट इतकें उंच कां, हा प्रश्न आपल्या मुलांनीं कधीं तरी विचारला असेल. त्याचें उत्तर आपल्या विषयाशीं नेमकें जुळतें. मूळच्या युद्धकालीन जीपचें इंजिन बुटकें होतें. १९५३ सालीं अमेरिकेंतील विलिस कंपनीनें त्याच इंजिनाच्या माथ्यावर आंत घेणाऱ्या झडपा चढविल्या. इंजिन उंच झालें, तें जुन्या बॉनेटखालीं मावेना. म्हणून जाळी व बॉनेट दोन्ही उंच करावीं लागलीं. एका इंजिनाच्या उंचीपायीं साऱ्या गाडीचा चेहरा बदलला. हें कारखान्यानें विचारपूर्वक केलें, म्हणून त्या गाड्या दीर्घकाळ टिकल्या.

आतां डिझेल इंजिन जड कां, तें पाहूं. पेट्रोल इंजिनांत ठिणगी पडून वायु पेटतो. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच तेल पेटावें. जुन्या पेट्रोल इंजिनांत हवा सात-आठ पट दाबली जाई. जुन्या लहान डिझेल इंजिनांत ती वीस पटींच्या आसपास दाबावी लागते. एवढा दाब सोसावयाचा तर ओतीव लोखंडाच्या भिंती जाड हव्यात आणि भुजादंड व दट्टेहि भक्कम हवेत. शिवाय तेल फवारणारा पंप, मोठी बॅटरी व मोठा स्टार्टर हीं बरोबर येतातच. लोक दोन इंजिनें शेजारीं ठेवून त्यांचाच फरक पाहतात. ह्या सोबत्यांचें वजन कोणी धरीत नाहीं.

समजा, सर्व मिळून ८० किलो वाढलें. फियाट ११०० चें वजन सुमारें ९०० किलो. म्हणजे वाढ नऊ टक्क्यांच्या आंतबाहेर. हें ऐकून गृहस्थ म्हणतात, 'एवढें तर एका लठ्ठ पाहुण्याचें वजन!' खरें आहे. परंतु पाहुणा मध्यें बसतो. इंजिन टोंकाला बसतें. ह्या गाडीच्या पुढच्या व मागच्या आंसांत २३४ सेंटिमीटर अंतर आहे. नवें इंजिन लांबट असल्यामुळें वाढलेल्या ओझ्याचा मध्य पुढील आंसाच्या २० सेंटिमीटर पुढें गेला असें धरूं. शाळेंत शिकविलेला तरफेचा नियम लावला तर पुढच्या चाकांवर ८० नव्हे, जवळजवळ ८७ किलो वाढतात, आणि मागच्या चाकांवरचे ७ किलो उलट कमी होतात. पुढच्या चाकांवर मूळ भार ४५० किलोच्या आसपास. तेथें ही वाढ एकोणीस टक्क्यांची झाली. नवाचे एकोणीस कसे झाले हें ज्याला कळलें त्याला ह्या विषयाचें अर्धें मर्म कळलें.

ह्याचा पहिला घाव स्प्रिंगांवर पडतो. पुढच्या भारांतून चाकें, हब वगैरे स्प्रिंगांच्या खालचे भाग वजा केले तर प्रत्येक बाजूच्या स्प्रिंगेवर १९५ किलो राहतात असें समजूं, आणि ती स्प्रिंग २० किलोंना एक सेंटिमीटर दबते असें धरूं. प्रत्येक बाजूला ४३ किलो वाढले कीं गाडीचें नाक दोन सेंटिमीटरांहून अधिक खालीं येतें. चाकाला वर उसळावयास मूळ सात-आठ सेंटिमीटरच मोकळीक असते. तींतील चतुर्थांशाहून अधिक भाग गाडी उभी असतांनाच खर्च होतो. मग खड्डा आला कीं रबरी ठोकळ्यावर धाडकन् आपटणें ठरलेलें. पावसाळ्यानंतरचे आपले जिल्हा मार्ग ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हें अधिक सांगावयास नको.

ह्यावर गॅरेजांत जो उपाय केला जातो तो फसवा आहे, म्हणून त्याविषयीं जरा सविस्तर बोलतों. अॅम्बॅसडरच्या पुढच्या बाजूस वळ्यांची स्प्रिंग नाहीं. लांब पोलादी कांबी आहेत आणि चाक वर उचललें गेलें कीं कांब पिळली जाते. ह्या कांबेच्या मागल्या टोंकाची बैठक थोडी फिरविली कीं खालीं आलेलें नाक पुन्हां वर येतें. गाडी सरळ दिसते, मालक संतुष्ट होतो. पण ह्यानें कांब तसूभरहि ताठ होत नाहीं. घड्याळाचा कांटा पुढें सरकविल्यानें घड्याळाची चाल बदलत नाहीं, तसेंच हें आहे. उंची परत मिळाली. ताठपणा मिळाला नाहीं. त्याच कांबेला आतां अधिक ओझें अधिक पिळून वाहावें लागतें, आणि चाकाला खड्ड्यांत खालीं जाण्याची जी मोकळीक होती ती कमी झाली. वळ्यांच्या स्प्रिंगेखालीं जाड चकती घालणें हा ह्याच उपायाचा धाकटा भाऊ होय. स्प्रिंगेचा एक वेढा कापला तर ती ताठ होते खरी, पण आंखूडहि होते, आणि आधींच खालीं आलेली गाडी आणखी खालीं बसते.

खरा उपाय म्हणजे जाड तारेची अथवा जाड कांबेची स्प्रिंग करवून घेणें. आपल्या उदाहरणांत स्प्रिंगेवरचा भार १९५ चा २३८ झाला, म्हणजे बावीस टक्के वाढला. तर ताठपणाहि तितकाच वाढला पाहिजे, म्हणजे २० च्या जागीं सुमारें साडेचोवीस किलोंना एक सेंटिमीटर. तसें केलें तर गाडी पूर्वीच्याच लयींत झुलते. न केल्यास मिनिटाला ९६ झोके घेणारें नाक ८७ वर येतें. मागचा भाग मात्र आपल्या जुन्या लयींत राहतो. पुढचें व मागचें असें दोन तालांत नाचूं लागलें म्हणजे मागें बसलेल्या मुलांना मळमळतें, आणि दोष पोह्यांना दिला जातो.

जीपचें काम त्या मानानें सोपें, कारण तिला पाटे आहेत आणि पाटे घडविणारा लोहार आपल्याकडे अजून आहे. एकाच जाडीच्या आठ पाट्यांत नववा घातला तर ताठपणा आठव्या हिश्शानें वाढतो. पाटे तितकेच ठेवून जाडी दहा टक्के वाढविली तर तो तेहतीस टक्के वाढतो, कारण येथें जाडीचा घन धरावा लागतो. लोहाराला घन ठाऊक नसेल, पण त्याच्या हाताला तो ठाऊक असतो. जीपमध्यें दुसरीच अडचण आहे. तिचा पुढील आंस अखंड असून तो इंजिनाच्या पोटाखालून जातो. गाडी बसली कीं तेलाची टाकी, जिला चेंबर म्हणतात, त्या आंसाच्या जवळ येते. एका मोठ्या उसळीसरशीं आंस चेंबरवर आदळतो व तेल रस्त्यावर वाहूं लागतें.

शॉकअब ही गोष्ट बहुधा विसरली जाते. स्प्रिंग झोका देते, शॉकअब तो थांबवितो. भार व ताठपणा दोन्ही बावीस टक्के वाढविले तर शॉकअबचा विरोधहि बावीस टक्के वाढला पाहिजे. नव्या स्प्रिंगा व जुने शॉकअब असें जोडपें फार दिवस सुखानें नांदत नाहीं.

आतां सांगाड्याकडे वळूं. घरांतील मुलांकडून एक प्रयोग करवावा. पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन ती दोन्ही हातांनीं पिळून पाहावी. ती दाद देत नाहीं. मग तीच नळी कात्रीनें एका अंगानें लांबीभर कापावी व पुन्हां पिळावी. पुठ्ठा तेवढाच आहे, पण नळी आतां ओल्या पंचासारखी पिळते. पोलादाचेंहि असेंच. जुन्या जीपच्या सांगाड्याचा बराचसा भाग उघड्या चॅनलचा आहे. शंभर मिलिमीटर उंच, पन्नास रुंद व तीन जाड असा चॅनल आणि तेवढ्याच मापाची बंद पेटी घेतली, तर पिळास विरोध करण्यांत पेटी जवळजवळ पांचशें पटींनीं सरस ठरते. म्हणूनच जाणते कारागीर चॅनलच्या उघड्या बाजूस पत्रा जोडून त्याची पेटी करतात.

तथापि येथेंहि एक मेख आहे. सांगाडा थोडा पिळावा अशीच त्याची योजना असते. पुढचा तीन हातांचा भाग पेटीसारखा ताठ केला आणि पुढें लगेच नरम चॅनल सुरू झाला, तर सगळा पीळ त्या सांध्यावर एकवटतो व चीर तेथेंच पडते. म्हणून जोडपत्र्याचें टोंक काटकोनांत तोडूं नये. तें माशाच्या शेपटीसारखें निमुळतें करावें. चॅनलच्या वरच्या व खालच्या पट्टीवर आडवें वेल्डिंग करूं नये. जुनी चीर असेल तर तिच्या टोंकाला आधीं भोंक पाडावें, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं, आणि मगच ती भरावी. फियाट व अॅम्बॅसडर ह्यांना असा वेगळा सांगाडाच नाहीं. घडविलेल्या पत्र्यांचें सबंध अंगच ओझें वाहतें. तीस-चाळीस पावसाळे पाहिलेल्या अशा पत्र्याला आंतून गंज लागलेला असतो, आणि वरून रंग चकाकत असतो. अशा गाडींत इंजिनाचे नवे पाये, ज्यांना मिस्त्री फाउंडेशन म्हणतात, ते नुसत्या पत्र्यावर जोडणें म्हणजे मातीच्या भिंतींत तुळई रोवणें होय. डिझेल इंजिन संथ फिरतांनाहि, मिनिटाला ७०० फेरे धरले तर, चार नळकांड्यांचे मिळून १४०० ठोके देतें, आणि प्रत्येक ठोका पेट्रोलपेक्षां कठोर असतो. पायांतील रबर नरम व योग्य जागीं नसेल तर आरसा थरथरतो, मग दारांची कडी वाजूं लागते, आणि वर्षभरांत पायाच्या मुळाशीं केसासारखी चीर दिसूं लागते.

मोठमोठे कारखानेहि ह्या कामीं ठेचकाळले आहेत. इंग्लंडांतील एम. जी. कंपनीनें १९६७ सालीं आपल्या एम. जी. बी. ह्या लोकप्रिय गाडींत १७९८ च्या जागीं २९१२ घन सेंटिमीटरचें इंजिन बसवून एम. जी. सी. काढली. नवें इंजिन सुमारें ९५ किलोंनीं जड होतें. त्यासाठीं कंपनीनें पुढची स्प्रिंगयोजना मुळापासून बदलून वळ्यांच्या जागीं पिळाच्या कांबी घातल्या, चाकें मोठीं केलीं, बॉनेटला फुगवटा दिला. इतकें करूनहि वळणावर नाक बाहेर ओढतें अशी टीका नियतकालिकांनीं केली, आणि १९६९ सालीं ती गाडी बंद झाली. उलट, सनबीम अल्पाईनमध्यें १९६४ सालीं फोर्डचें आठ नळकांड्यांचें इंजिन बसवून टायगर काढली तेव्हां स्टिअरिंगची सारी यंत्रणाच बदलण्यांत आली व गाडी नांवाजली गेली. एक प्लग बदलण्यासाठीं मात्र गाडीच्या आंत बसून पडद्याच्या भोंकांतून हात घालावा लागे! जेथें अभियंत्यांच्या फौजा राबल्या तेथें ही कथा, तर एका मिस्त्रीनें दोन दिवसांत केलेल्या कामाकडून किती अपेक्षा करावी?

वळणावर नाक बाहेर कां ओढतें, हेंहि सांगून टाकतों. टायरवरचा भार वाढला कीं त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणांत वाढत नाहीं. थोडी मागें पडते. पुढचीं चाकें जड झालीं कीं तीं वळणांतून बाहेर सरकूं पाहतात, आणि चालकाला चाक अधिक फिरवावें लागतें. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगला यंत्राची मदत नसते, म्हणून जागच्या जागीं गाडी वळवितांना खांदे भरून येतात, आणि किंगपिन व सांधेहि लवकर झिजतात.

सर्वांत गंभीर गोष्ट ब्रेकांची. नऊ टक्के वजन वाढल्यानें ब्रेकांचें काम नऊच टक्के वाढतें. ह्यांत घाबरण्यासारखें फारसें नाहीं. पण मोठ्या इंजिनानें वेगहि वाढला, तर तें काम वेगाच्या वर्गानें वाढतें. ताशीं ६० ऐवजीं ८० किलोमीटर वेगांतून थांबावयाचें तर पावणेदोन पटींहून अधिक उष्णता जुन्या ड्रमांना गिळावी लागते. आणि डिझेलचा एक छुपा धोका असा: ज्या गाडींत ब्रेकला निर्वात पोकळीची मदत असते, ती पोकळी पेट्रोल इंजिन आपल्या श्वासनळींत आपसूक निर्माण करतें. बहुतेक डिझेल इंजिनांच्या श्वासनळीला पडदा नसतो. त्यामुळें तेथें पोकळीच होत नाहीं. वेगळा निर्वात पंप जोडला नाहीं तर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. ह्याच कारणानें उतारावर पाय उचलला असतां पेट्रोल इंजिन जसें गाडीला मागें खेंचतें, तसें डिझेल इंजिन खेंचीलच असें धरून चालतां येत नाहीं. मेडशीकडून पातूरचा घाट उतरून अकोल्याच्या बाजूस जातांना ह्या दोन्ही उणिवा एकदमच प्रत्ययास येतात. इंजिन नीट बसलें किंवा नाहीं ह्याची चौकशी दहाजण करतात. निर्वात पंप कोठें आहे हें विचारणारा मला क्वचितच भेटला.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें कीं, नोंदणीपुस्तकांतील तपशील उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें तें पुन्हां स्पष्ट केलें. एम. एच. ३७ ची पाटी असो वा दुसरी, इंजिन वा इंधन बदलण्यापूर्वीं परिवहन कार्यालयाकडे जाणें अटळ आहे. नाहीं तर अपघाताच्या वेळीं विमा कंपनी हात वर करण्याचा संभव मोठा. शिवाय २०२१ च्या जुलैंत आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्ही. ए.' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पण तिचें इंजिन, सांगाडा व अंग मूळ स्वरूपांत असेल तरच. रोजच्या वा धंद्याच्या वापराला ती चालत नाहीं, हें खरें; पण आजोबांची गाडी रोज कोण वापरतो?

माझें मत विचाराल तर, मूळ इंजिनच पुन्हां बांधावें. ज्या भावांतील तफावतीमुळें हे संकर जन्मले ती तफावत, २०१० सालीं पेट्रोलचे व २०१४ सालीं डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणांतून मोकळे झाल्यापासून, पूर्वीसारखी राहिली नाहीं. नळकांडीं घांसून, नवे दट्टे व रिंगा घालून जुनें इंजिन उभें करण्यास जो खर्च येतो तो स्प्रिंगा, शॉकअब, पाये, रेडिएटर, निर्वात पंप व मागील आंसाचे दांते ह्यांच्या बेरजेपुढें पुष्कळदां कमीच भरतो. अर्थात् ही बेरीज आधीं कोणी करीत नाहीं.

तरीहि ज्यांचा निश्चय कायम असेल व ज्यांना रीतसर परवानगी मिळाली असेल, त्यांनीं जुनें इंजिन काढण्यापूर्वीं एक काम करावें. सोयाबीनचे ट्रॅक्टर जेथें तोलतात त्या बाजारांतील धर्मकांट्यावर गाडी न्यावी. प्रथम सबंध गाडी तोलावी. मग पुढचीं दोन चाकेंच कांट्यावर व मागचीं बाहेर सपाट जमिनीवर ठेवून पुन्हां तोलावें, आणि नंतर मागचींच. तिन्ही आंकडे व चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारहि बाजूंनीं लिहून ठेवावी. टाकींत तेल किती होतें तेंहि टिपावें. नवें इंजिन, त्याची बॅटरी, पाणी भरलेला रेडिएटर असें सर्व बसल्यावर त्याच कांट्यावर, तितकेंच तेल ठेवून, पुन्हां तोल घ्यावा. पुढच्या आंकड्यांत जेवढी वाढ दिसेल तिची निम्मी एका स्प्रिंगेची. ती चिठ्ठी हातांत घेऊन मगच स्प्रिंग घडविणाऱ्याच्या दुकानीं जावें.